ड्रायव्हर-कंडक्टर सोडून

बस सुटली तेव्हा मोजणी बरोबर होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. एकोणीस डोकी. मागून पुढे मोजली, मग पुढून मागे मोजली. उभी नोकरी मी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. तुमची मोजणी चुकली असं कुणी माझ्या तोंडावर म्हणालं तर त्याची खैर नाही. तरीही त्या दिवशी परक्या देशात, भर हायवेवर, मी माझ्या सख्ख्या नवऱ्याला मागे टाकून निघून गेले. कशी, ते सांगते. मधे बोलू नका.

आमचे हे ड्रायव्हर. मी त्यांच्याच गाडीवर कंडक्टर होते, लग्नही गाडीवरच जमलं म्हणा ना. ते मला मास्तर म्हणायचे, सगळे ड्रायव्हर कंडक्टरला म्हणतात तसं, आणि मी त्यांना ड्रायव्हर. लग्नानंतर घरातही तेच चालू राहिलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण सवय काही सुटली नाही. गाडीत मी दोरी ओढून एक घंटी दिली की त्यांनी थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. इतकं सरळ बोलणं कुठल्या नवरा-बायकोत असतं, सांगा बरं.

निवृत्त झालो आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका आहे, डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय हलका म्हणायला! एक पाय जरा ओढत चालतात, ते चालेल. पण जीभ अडकली. डोक्यात सगळं शाबूत, फक्त शब्द उशिरा येतात, आणि घाई झाली की येतच नाहीत. आता आपल्या लोकांना दम कुठे असतो? यांनी नुसतं "मला" म्हणायचा अवकाश, समोरचा "पाणी हवंय का? पंखा लावू का? पडायचंय का?" असं विचारून मोकळा. हळूहळू लोक त्यांना विचारेनासेच झाले. पाहुणे त्यांच्यासमोर बसून मला विचारायचे, "यांना साखर चालते का हो?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हे मात्र हसून मान हलवायचे. मग हसणंही थांबलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या, जेवायला हाक मारली की उठायचं. गाडी चालवताना शीळ घालणारा माणूस होता तो. मला ते बघवत नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक सिस्टर राहतात. मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, पायाला भिंगरी. त्यांनीच हे परदेशाचं काढलं. एक संस्था आहे, निवृत्त माणसांना महिना-दीड महिना बोलावते. सकाळी त्यांच्याकडे काम करायचं, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी मिळून बसने फिरायला जायचं. सिस्टर आधी दोनदा जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "कामाला हात लागतात, तोंड नाही. घेऊन चला त्यांना."

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. फोनवरच भडकला. "आई, बाबांना इथे धड बोलता येत नाही, आणि तू त्यांना जिथे एक अक्षर कळत नाही अशा ठिकाणी नेणार? हरवले तर स्वतःचं नाव तरी सांगता येईल का त्यांना?"

"हरवायला ते काय छत्री आहेत?" मी म्हटलं.

मागून सुनेचा आवाज आला, "जाऊ दे ना रे त्यांना." सून शहाणी आहे. शेवटी मुलाने अट घातली. दर रविवारी बाबांच्या फोनवर तो फोन करणार, आणि एकदा जरी काही गडबड झाली तर पहिल्या विमानाने परत यायचं, पुन्हा असल्या प्रवासाचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. परत यायचं म्हणजे कुठे यायचं, हे मला माहीत होतं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत.

तर आम्ही गेलो. काम एका जुन्या गोदामात होतं. मोडक्या व्हीलचेअर तिथे दान येतात, त्या दुरुस्त करून ज्यांना लागतात त्यांना द्यायच्या. दार उघडलं आणि तेलाचा, रबराचा वास आला. आमच्या यांनी दारातच उभं राहून एक मोठा श्वास घेतला, आणि कुणी सांगायच्या आत जाऊन पाना उचलला.

त्या खुर्च्यांच्या पुढच्या छोट्या चाकांना केस आणि दोरे गुंडाळून बसलेले असतात. ते काढल्याशिवाय चाक फिरत नाही. कंटाळवाणं काम, कुणाला नको असायचं. हे चिमटा घेऊन निवांत बसायचे. आणि खुर्ची तयार झाली की स्वतः तिच्यात बसून अंगणात एक फेरी मारायचे, उतारावर ब्रेक लावून बघायचे, मग पाठीवर खडूने खूण करायचे. नाही पटलं तर खुर्ची परत टेबलावर. आठवडाभरात अशी वेळ आली की त्यांच्या खडूशिवाय कुणी खुर्ची बाहेर सोडेना.

माझ्याकडे बाहेरची रांग दिली होती. रांग जगात सगळीकडे सारखीच मोडते, आणि तिला सरळ करायला भाषा लागत नाही, नुसते डोळे पुरतात. डोळे माझे तसे आहेत.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर तिथे आम्ही सगळेच मुके. एकवीस जण होतो, आम्ही तिघं धरून. बाकीचे कुठकुठले. जो तो हातवारे करतोय, हवेत चित्रं काढतोय, एक शब्द शोधायला छताकडे बघतोय. एक उंचच उंच आजोबा होते, मी त्यांचं नाव शिडी ठेवलं होतं. ते पक्कड मागायला इतका वेळ घ्यायचे की आमचे हे उठून, पाय ओढत जाऊन, पक्कड आणून त्यांच्या हातात द्यायचे तरी त्यांचं मागणं चालूच. तिथे कुणी कुणाचं वाक्य पुरं करत नव्हतं, कारण करायची कुणाची ऐपतच नव्हती! एकदा मी रांग सांभाळत होते आणि आतून खदखदून हसण्याचा आवाज आला. ओळखीचा. मी रांग टाकून आत पळाले. शिडी आणि आमचे हे एकेका व्हीलचेअरमध्ये बसून शर्यत लावत होते, आणि हे जिंकले होते. मी तशीच मागे फिरले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

आता बसचं. आम्हाला फिरवायला एक तरुण मुलगी यायची. आम्ही मागे मागे चालावं म्हणून ती उघडी छत्री उंच धरायची, म्हणून ती छत्रीवाली. गोड पोरगी, पण मोजायला लागली की कुणीतरी उठायचं, कुणीतरी शौचालयात जायचं, आणि तिची तारांबळ उडायची. पहिल्याच सहलीला मला राहवेना. मी तिला हाताला धरून बसवलं आणि मोजणी माझ्याकडे घेतली. मोजून झालं की दारातल्या दांड्यावर दोनदा ठोकायचं. तिथल्या ड्रायव्हरला भल्या मोठ्या मिशा होत्या. पहिल्यांदा त्या मिशांनी दचकून मागे बघितलं. आमच्या यांनी शेजारच्या सीटवरून हातानेच सांगितलं, दोन म्हणजे चल. एक म्हणजे थांब. ड्रायव्हरची जात ती, लगेच समजली. तेव्हापासून मिशा माझ्या दोन ठोक्यांशिवाय गाडी हलवेनात, आणि छत्रीवालीने आकडा विचारणं सोडून दिलं.

आकडा एकोणीस. कारण मोजणी नेहमी ड्रायव्हर-कंडक्टर सोडून करायची असते. आमच्याकडे तपासनीस गाडीत चढला की विचारायचा, "किती?" तेव्हा सांगायचा आकडा तो असा. ड्रायव्हर त्याच्या जागेवर असतोच, कंडक्टर मोजतच असतो, त्यांना कशाला मोजायचं? हाडात भिनलेली गोष्ट. एकवीस माणसांतून मी आम्हा दोघांना कधी वजा केलं, मला कळलंसुद्धा नाही. आणि काही बिघडलंही नाही, कारण हे कायम पुढे मिशांच्या शेजारी आणि मी दारात. डोळ्यांसमोरच असायचे.

त्या रविवारी आम्ही डोंगरातलं एक तळं बघायला गेलो होतो. परत येताना सिस्टरना वळणांचा त्रास झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या उलट्या पुसलेली बाई, स्वतः मात्र पिशवी तोंडाला धरून. मी त्यांना सगळ्यात मागच्या लांब सीटवर आडवं केलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डोंगर उतरून हायवेला लागलो, तिथे एक थांबा होता. खायचं दुकान, शौचालयं, पेट्रोल पंप, मागे लॉऱ्या उभ्या. सगळे उतरले, पाय मोकळे करून परत चढले. मी सिस्टरच्या डोक्याखाली पिशवी सरकवून उठले, मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस. पुढच्या सीटच्या पाठीवर यांची टोपी दिसत होती. मी हाताजवळच्या दांड्यावर दोनदा ठोकलं. बस निघाली. मी मागे जाऊन सिस्टरचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.

बऱ्याच वेळाने दुपारच्या गोळीची आठवण झाली. पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली घेतली आणि सीटना धरत धरत पुढे गेले.

सीटवर टोपी होती. टोपीखाली कुणी नव्हतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते चालत्या बसमध्ये काय असतं ते मला विचारा. आधी वाटलं वाकून काही शोधत असतील. मी सीटखाली बघितलं, वेड्यासारखं. मग दांड्यावर एकदा ठोकलं. इतक्या जोरात की हाताला झिणझिण्या आल्या. मिशांनी गाडी तिथल्या तिथे कडेला घेतली. मी रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. त्यांच्या तोंडचा रंग उडाला. छत्रीवाली धावत आली, बोटाने मोजायला लागली, आणि या खेपेला तिची मोजणी बरोबर आली. वीस.

माझी एकोणीसही बरोबरच होती, हे त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. मेलं हे डोकं! सगळी बस मोजली, परक्या देशातली परकी माणसं मोजली, पोटात मळमळतंय म्हणून झोपलेली सिस्टर मोजली, आणि ज्याच्यासोबत जन्म काढला त्याला मोजलंच नाही.

मिशांनी हाताने समजावलं. मधे दुभाजक, इथून वळता येत नाही. पुढे पूल आहे, त्याखालून वळायचं, पलीकडच्या रस्त्याने मागे जायचं, थांबा ओलांडून पुढे जायचं, तिथे परत वळून थांब्यावर यायचं. मी म्हटलं, "चला हो, चला." त्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी गाडी अशी काढली की सिस्टर मागे उठून बसल्या.

त्यांना तोंडाने सांगता येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. घाबरले की एक अक्षर येत नाही. कुणी विचारलं तर गप्प राहतील, लोकांना वाटेल प्यायलेत. आणि फोन? मी पर्स चाचपली. दोन्ही फोन माझ्याकडे. त्यांच्या खिशातून पडतो म्हणून मीच ठेवून घेतला होता. मीच!

पलीकडच्या रस्त्याने येताना थांबा दिसायला लागला तसे सगळे उठून त्या बाजूच्या खिडक्यांना चिकटले. शिडी तर माझ्या डोक्यावरून बघत होते. दुकान दिसलं, पंप दिसला, लॉऱ्या दिसल्या. हे कुठे दिसले नाहीत. बस पुढे गेली, वळली, आणि थांब्यात शिरली.

मी दार पुरतं उघडायच्या आत उतरले. दुकानात शोधलं. पुरुषांच्या शौचालयात शिडींना पाठवलं, ते मान हलवत बाहेर आले. दुकानातल्या बाईला मी यांची उंची हाताने दाखवली, टोपी दाखवली, आणि मग पाय ओढत चालून दाखवलं. भर दुकानात, लोक बघताहेत, आणि मी माझ्या नवऱ्याची नक्कल करतेय. तिला लगेच कळलं. तिने मागे लॉऱ्यांकडे बोट केलं, आणि दोन्ही हात वर उचलून गाडीचं तोंड, म्हणजे बॉनेट, उघडल्यासारखं केलं.

आम्ही मागे पळालो. तोंड उघडलेली लॉरी कुठेच नव्हती. एका रिकाम्या जागी जमिनीवर पाणी सांडलेलं आणि तेलाचे डाग. लॉरी गेली होती. लॉरीवाल्यांनी यांना बसवून नेलं असेल तर? चांगुलपणानेच नेलं असेल, पण कुठे? यांना कुठे सांगता येतंय कुठे जायचंय ते?

छत्रीवाली पोलिसांना फोन लावत होती आणि मधे मधे मला विचारत होती. कपडे? वय? बोलता येतं का? शेवटचा प्रश्न तिने आपल्या ओठांवर बोट ठेवून विचारला. काय सांगू? येतं, पण वाट बघायला लागते, हे हाताने कसं सांगतात?

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये त्यांचा फोन वाजला. रविवार. मुलगा.

मी फोन हातात धरून नुसती बघत राहिले. वाजून वाजून तो बंद झाला. सिस्टर मागून कशाबशा चालत आल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू नका. ते पेशंट नाहीत, ड्रायव्हर आहेत. ते काय करतील, विचार करा."

रडत रडतच मी विचार केला. आणि पहिल्यांदा मला कळलं की मघापासून मी एका आजारी म्हाताऱ्याला शोधतेय. आजारी म्हातारा दुकानात बसेल, रडेल, कुणाचा तरी हात धरेल. ड्रायव्हर काय करेल? ड्रायव्हर बघेल, गाडी कुठल्या बाजूला गेली. ती कुठे वळणार. वळून कुठल्या रस्त्याने येणार. पहिल्यांदा कुठे दिसणार.

मी हायवेच्या पलीकडे बघितलं. समोरच्या बाजूला रस्त्याकडेला एक लहानशी शेड होती, बस थांबण्याची. आणि इकडून तिकडे जायला डोक्यावरून लोखंडी पादचारी पूल. मघाशी आम्ही त्याच बाजूने गेलो होतो. आणि सगळेच्या सगळे उलट्या खिडकीला चिकटून इकडे बघत होतो!

शेडमध्ये आता कुणी दिसत नव्हतं. तरी मी निघाले. माझे गुडघे दुखतात. घरी चार पायऱ्या चढताना मी दहा वेळा देवाचं नाव घेते. त्या पुलाच्या पायऱ्या मी कशा चढले, मला आठवत नाही. वर पोचले. खालून गाड्या सूं सूं जात होत्या, सगळा पूल थरथरत होता. आणि पलीकडच्या टोकाकडून, कठड्याला धरून, एक पाय ओढत, उघड्या डोक्याने आमचे हे येत होते.

माझा जीव भांड्यात पडला. मी "अहो!" म्हणून इतक्या मोठ्याने ओरडले की खाली गाड्यांनाही ऐकू गेलं असेल. ते थांबले. कोपरापर्यंत हात तेलाने काळे, शर्टावर काळं. मी जाऊन त्यांचा दंड धरला आणि मग जे तोंड सोडलं ते विचारू नका. कुठे गेला होतात, कुणाला विचारून गेलात, टोपी ठेवून जातात का, हे हात काय, हा शर्ट आता निघणार आहे का. ते शांतपणे ऐकत होते. माझा दम संपला. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मी वाट बघितली. खरंच सांगते, त्या झटक्यानंतर इतकी मुकाट वाट मी कधी बघितली नव्हती.

"दोन... दा," ते म्हणाले. "दोनदा... सोडलंस."

आधी मला कळेना. मग त्यांनी खालच्या रस्त्याकडे बोट केलं आणि दोन्ही हात वर करून हलवले, शेडमधून हलवले होते तसे. आमची बस त्यांच्या नाकासमोरून गेली होती. ते हात हलवत होते, आणि बसच्या सगळ्या खिडक्यांतून त्यांना दिसल्या त्या आमच्या पाठी! हे सांगताना ते हसायला लागले. मीही हसले, पण माझं हसणं मधेच रडणं झालं, आणि मी त्यांच्या त्या काळ्या शर्टात तोंड लपवून पोटभर रडून घेतलं.

बाकीचं तुकड्या-तुकड्याने कळलं. लॉरीचा पाण्याचा पाइप फुटला होता, हे तो धरायला गेले, तोवर आमची बस सुटली. लॉरीवाले त्यांना बसवून आमच्या मागे घेऊन यायला तयार होते. यांनी मान हलवली.

"का नाही गेलात?" मी विचारलं.

"मास्तर... येणार," ते म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा केला.

पुन्हा फोन वाजला. मी पर्समधून काढला आणि, काय वाटलं कोण जाणे, त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तेलकट बोटाने तो चालू केला. तिकडून मुलाचा आवाज, "बाबा? फोन का उचलत नव्हतात? आईला द्या."

दर वेळी हेच असतं. आईला द्या. आणि हे देतात. या वेळी त्यांनी दिला नाही. मला हाताने थांबवलं.

"बस... चुकली," ते म्हणाले.

"काय? कुठे? आई कुठे आहे?"

"बस चुकली. मग... मास्तर आली." थोडा वेळ गेला. "मी... लॉरी... दुरुस्त केली."

"आई कुठे आहे, बाबा?"

"रडतेय," यांनी सांगितलं.

मी फोन ओढून घेणार होते. तेवढ्यात मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज वेगळाच होता, "बाबा, तुम्ही केवढं बोललात."

"हो," हे म्हणाले. "अजून... आहे. रविवारी." आणि फोन बंद करून मला परत दिला. परतीच्या विमानाचं कुणी नाव काढलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, तो तिथे त्या पुलावर.

आम्ही एकमेकांना धरून पायऱ्या उतरलो. खाली सगळी बस जमली होती. शिडींनी यांना उचलायचंच बाकी ठेवलं. मिशांनी यांचे काळे हात बघितले, आपल्या सीटखालचा फडका काढून दिला आणि एकेक बोट पुसेपर्यंत समोर उभे राहिले. छत्रीवालीने पोलिसांना पुन्हा फोन करून सांगितलं, आणि मग छत्री बाजूला टाकून ती माझ्या गळ्यातच पडली.

सगळे चढले. हे आपल्या जागेवर, मिशांच्या शेजारी, टोपी डोक्यावर. मी दारात. मोजायला मागे निघाले आणि थांबले. परत वळले, आणि त्यांच्या टोपीवर हात ठेवला.

"एक," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "ड्रायव्हर... मोजत... नाहीत," ते म्हणाले.

"गप्प बसा. तुम्ही आता पॅसेंजर आहात."

त्यांना ते पटलं असावं. मी पुढे निघणार तोच त्यांनी माझा हात धरून मला मागे ओढलं. ओठ हलले. मी थांबले, मिशा थांबले, सगळी बस थांबली. मग त्यांनी फडक्याने पुसलेलं, तरी अजून काळंच असलेलं बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

"दोन," ते म्हणाले.

मी सीटना धरत मागे गेले आणि मोजत राहिले. तीन, चार, पाच. सिस्टर पिशवीआडून हसत होत्या, त्यांना मोजलं. एकवीस भरले. दारापाशी येऊन ठोकायला हात उचलला. पण त्याआधी त्यांनीच सीटवरून हात लांब करून दोनदा ठोकलं, आणि मिशांनी गाडी सोडली.